आर्ताची शरणागती

एखाद्या घरावर संकट कोसळले, की त्या घरची माणसे देवळाकडे वळतात. मग पारावर बसलेले चार शहाणे हटकून म्हणतात, “सुखात कधी पायरी चढला नाही, आता बरा देव आठवला!” हा टोमणा ऐकून पुष्कळ भाविक ओशाळतात. देवापुढे उभे राहिले तरी मान वर करवत नाही. आपण स्वार्थापोटी आलो, आपली ही भक्ती खोटी, असे त्यांना वाटू लागते. कीर्तन आटोपल्यावर अशी माणसे मंडपात मागे रेंगाळतात आणि गर्दी पांगली की हळूच विचारतात, “महाराज, अडचणीत सापडल्यावर केलेली भक्ती देवाला चालते का हो?” ह्या प्रश्नाचा थोडा विचार आज करावा, असे आम्ही योजिले आहे.

गीतेच्या सातव्या अध्यायात, सोळाव्या श्लोकात, भगवंतांनी आपल्याला भजणारे चार प्रकारचे लोक सांगितले आहेत. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ह्यांत ज्ञानी भगवंताला अत्यंत प्रिय, हे खरेच. पण यादीत पहिले नाव कोणाचे आहे ते वाचकांनी पाहावे. पहिला आर्त आहे. ज्याला दुखले, जो पोळला, ज्याच्या पायाखालची जमीन सरकली, तो. पुढे दोनच श्लोकांनंतर भगवंत ह्या चौघांनाही उदार म्हणतात. म्हणजे पारावरच्या शहाण्यांनी ज्याला हिणवले, त्याला देवाने आपल्या यादीत अगोदरच घेऊन ठेवले आहे! तेव्हा संकटात देव आठवला म्हणून कोणी लाजू नये. मूल खेळात रमले की आईला विसरते आणि गुडघा फुटला की धावत येते. “आता बरी आठवले!” असे म्हणून दार लावून घेणारी आई आम्ही तरी पाहिली नाही.

तथापि एवढ्याने प्रश्न मिटत नाही. संकटात देवाकडे जाणे निराळे आणि संकटात देवाला शरण जाणे निराळे. पहिली गोष्ट आपण सारेच करतो. दुसरी फार थोड्यांना साधते, आणि ती कशी साधावी हे नीट समजावे म्हणून भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्राची कथा आम्ही पुन्हापुन्हा वाचीत आलो आहोत. ही कथा लहानपणापासून सर्वांच्या कानांवरून गेलेली असते. मगराने हत्तीचा पाय धरला, हत्तीने देवाला हाक मारली, देव धावत आला, झाले! पण मूळ कथेत जे बारकावे आहेत ते कीर्तनाच्या भरात सुटून जातात. म्हणून जरा सावकाश पाहू.

त्रिकूट पर्वतावर एक मोठे सरोवर होते. उन्हाने तापलेला गजेंद्र आपल्या हत्तिणी आणि पिले घेऊन तेथे आला. पोटभर पाणी प्याला, अंघोळ केली, आणि मग सोंडेने पाणी घेऊन बायकापोरांना पाजू लागला, न्हाऊ घालू लागला. व्यासांनी येथे त्याला गृहस्थाची उपमा दिली आहे. घरच्यांच्या मायेत गुंतलेला, पुढे काय वाढून ठेवले आहे ह्याची काडीमात्र कल्पना नसलेला गृहस्थ! त्या वेळी तो काही पाप करीत नव्हता हो. लेकराबाळांना पाणी पाजीत होता. आणि नेमका त्याच वेळी मगराने पाय धरला. संकटे अशीच येतात. “मी काय असं वाईट केलं होतं?” हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी येतो, त्याला ही कथा पहिल्याच पावलावर समजावून घेते.

मग गजेंद्र झगडू लागला. बाकीच्या हत्तींनी त्याला ओढून पाहिले. कोणाचे काही चालले नाही. भागवत म्हणते, हजार वर्षे ही ओढाताण चालली. हत्ती जमिनीवरचा प्राणी, पाण्यात त्याचे बळ दिवसेंदिवस खचत गेले. मगर पाण्यातलाच, त्याचे बळ वाढत गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हजार वर्षे झगडला म्हणून भागवताने गजेंद्राला कोठे दोष दिला नाही. अंगात आहे तोवर जोर लावावा, नातेवाइकांना हाक मारावी, हे सगळे यथायोग्यच आहे. चूक झगडण्यात नव्हती. आपण केवळ आपल्या बळावर सुटू आणि आपले गणगोत आपल्याला सोडवील, हा जो भरवसा मनात बसला होता, तो गळून पडायला हजार वर्षे लागली, इतकेच. तो गळून पडला तेव्हा गजेंद्राने विचार केला, की ह्या माझ्या सोबत्यांना मला सोडविता येत नाही, तर आता जो सर्वांचा आश्रय त्यालाच शरण जावे. दुसरा अध्याय येथे संपतो.

तिसऱ्या अध्यायात त्याची स्तुती आहे. ही स्तुती त्याने कोठून आणली? हत्ती तो! त्याला वेद कोणी शिकविला? भागवत सांगते, की पूर्वजन्मी शिकलेले स्तोत्र त्याला त्या वेळी आठवले. वाचकहो, आमच्या मते सबंध कथेत साधकाच्या उपयोगाचे असे सर्वांत मोठे वाक्य हेच. संकटाच्या घटकेला नवीन काही सुचत नाही. गळ्याशी पाणी आल्यावर पोथी उघडून पाठ करता येत नाही. जे अगोदर, बऱ्या दिवसांत, कंटाळत का होईना पण रोजच्या रोज म्हटलेले असते, तेच ओठांवर येते. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणताना मन जाग्यावर नसते, अशी पुष्कळांची तक्रार असते. नसू द्या. तो हरिपाठ आज फळावा म्हणून नाहीच म्हणायचा. तो पेवात टाकलेल्या धान्यासारखा आहे. पेव उघडण्याची वेळ कधी येईल हे ज्याचे त्याला ठाऊक नसते.

स्तुतीत गजेंद्राने काय मागितले, हेही पाहण्यासारखे आहे. आरंभी पाय सुटावा म्हणून हाक मारणारा हा हत्ती स्तुती करता करता असा काही बदलतो, की ह्या हत्तीच्या देहात राहून मला करायचे तरी काय, असे तो म्हणू लागतो. आत-बाहेर अज्ञानाने वेढलेला हा देह! ह्याला मगराच्या तोंडून सोडवून पुन्हा त्याच रानात हिंडायला पाठवावे, असे तो मागत नाही. आत्म्यावर पडलेले जे पांघरूण आहे, ते निघावे असे मागतो. म्हणजे आर्त म्हणून आलेला भक्त हाक मारता मारताच वरच्या पायरीवर गेला. आर्ताची भक्ती खोटी नसते ती ह्यामुळे. ती सुरुवात असते.

पुढे भगवान गरुडावरून आले. गजेंद्राने सोंडेत कमळ धरून वर केले, मोठ्या कष्टाने नमस्काराचे शब्द उच्चारले. भगवंतांनी गरुडावरून खाली उतरून त्याला पाण्याबाहेर काढले. कसा काढला? मगरासकट! दोघांना एकदम ओढून काठावर आणले आणि मग चक्राने मगराचा जबडा फाडून गजेंद्राला मोकळे केले. तो मगरही शापित गंधर्व होता, हूहू नावाचा. त्याचाही उद्धार झाला. शरण गेलेल्याचे संकट नुसते टळत नाही, त्या संकटाचेही काही कल्याण होऊन जाते, असे येथे सुचविले आहे. ज्यांच्या घरी भाऊबंदकी चालू आहे, त्यांनी ह्यावर थोडे अधिक चिंतन करावे!

आता हा गजेंद्र पूर्वी कोण होता? चौथ्या अध्यायात त्याचा खुलासा आहे. तो इंद्रद्युम्न नावाचा पांड्य देशाचा राजा. मोठा विष्णुभक्त. राज्य सोडून मलय पर्वतावर आश्रम करून राहिला होता. एकदा तो मौन धरून पूजेला बसला असता अगस्त्य ऋषी शिष्यांसह तेथे आले. राजा उठला नाही. आदरसत्कार नाही, पाणी नाही. पूजा चालू होती ना! अगस्त्यांना ते साहवले नाही. हत्तीसारखा ताठर बुद्धीचा हा, तर हत्तीच होवो, असा शाप त्यांनी दिला. सज्जनहो, ही गोष्ट आपणा माळकऱ्यांच्या फार जिव्हाळ्याची आहे. राजा नास्तिक नव्हता, व्यसनी नव्हता. तो पूजाच करीत होता. पण त्या पूजेत वाकणे नव्हते. गळ्यात तुळशीची माळ असून मान ताठ, असे आमच्यातही काही थोडे लोक नाहीत. आम्ही त्यांतून वगळलेलो आहोत असे समजण्याचे कारण नाही. जे वाकणे राजाला आसनावर साधले नाही, ते त्याला पुढच्या जन्मी पाण्यात साधले.

शास्त्रात शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत. देवाला रुचेल तसे वागण्याचा संकल्प, न रुचेल ते टाकणे, तो रक्षण करील हा विश्वास, रक्षणकर्ता म्हणून त्यालाच वरणे, आपला भार त्याच्यावर सोपविणे आणि दैन्य. पहिल्या पाचांविषयी पुष्कळ निरूपणे झाली आहेत, तेव्हा येथे विस्तार करीत नाही. शेवटच्या दैन्याविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण त्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. दैन्य म्हणजे तोंड वेंगाडणे नव्हे. ‘मी पापी, मी पतित’ असे घोकीत राहणे म्हणजेही दैन्य नव्हे. त्यातही कधी कधी एक निराळाच अहंकार असतो. आपल्याजवळ आता काही उरले नाही, हे जसे आहे तसे कबूल करणे, ह्याचे नाव दैन्य.

आणि हे कबूल करणे एका दिवसात होत नाही. गीतेतला अर्जुनच पाहा. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात तो म्हणतो, मी तुझा शिष्य आहे, तुला शरण आलो आहे, मला शिकव. झाली की शरणागती! पण लगेच नवव्या श्लोकात तोच अर्जुन ‘मी लढणार नाही’ असे सांगून गप्प बसतो. शरण तर आलो, पण निकाल मीच देणार! भगवान तेथे हसल्यासारखे करून बोलू लागले, असे व्यासांनी लिहिले आहे. हसू येणारच. आपणही तेच करतो. “देवा, सगळं तुझ्यावर सोपवलं” असे म्हणून देव्हाऱ्यासमोरून उठतो, आणि काय घडले पाहिजे, कोणत्या तारखेला घडले पाहिजे, कोणाच्या हातून घडले पाहिजे, हे सगळे मनाशी ठरवूनच उठतो. अर्जुनाला ‘तू म्हणशील तसे करीन’ हे म्हणायला अठराव्या अध्यायाचा त्र्याहत्तरावा श्लोक उजाडावा लागला. मधल्या काळात त्याने शंका काढल्या, उलट प्रश्न केले, विश्वरूप पाहून भ्यालासुद्धा. भगवंतांनी कोठे त्याला हाकलून दिले नाही. तेव्हा ज्यांना काल शरण जावेसे वाटले आणि आज पुन्हा मन बंड करून उठले, त्यांनी खचून जाऊ नये.

अठराव्या अध्यायाच्या सहासष्टाव्या श्लोकात शरणागतीचा जो अखेरचा उपदेश आहे, त्यावर लिहिताना ज्ञानोबारायांनी एक गोष्ट केली आहे. मूळ श्लोकांत जे नाही ते त्यांना दिसले. उपदेश संपताच सावळ्या भगवंतांनी आपला कंकण घातलेला उजवा हात पसरून शरण आलेल्या अर्जुनाला मिठी मारली, असे त्यांनी वर्णिले आहे. शके १२१२ साली (१२९० मध्ये) ज्ञानेश्वरी पुरी झाली. ते लिहिणाऱ्याने आईबाप गमावले होते, संन्याशाची पोरे म्हणून समाजाने टाकलेल्या भावंडांबरोबर तो शुद्धिपत्रासाठी पैठणला गेला होता. ज्याला कोणी जवळ घेतले नाही, त्याला गीतेत ती मिठी दिसली. आम्हाला ह्याहून अधिक काही बोलवत नाही.

आता तुकोबांकडे येऊ. हे उदाहरण पुराणातले नाही. इंद्रायणीच्या काठी, देहू गावी, एका वाण्याच्या घरात घडलेले आहे. बोल्होबा आणि कनकाई हे त्यांचे आईवडील. घरात महाजनकी, सावकारी, व्यापार, शेती, सगळे होते. विशीच्या आतबाहेर असताना आईवडील गेले. थोरल्या भावाची, सावजींची, बायको वारली आणि ते विरक्त होऊन तीर्थांना निघून गेले. प्रपंचाचा सगळा भार मधल्या तुकोबांवर पडला. त्यातच १६३० साली पाऊस गेला आणि दक्षिणेत व गुजराथेत मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पत गेली. पहिली बायको रखमाई अन्नावाचून मेली. मुलगा गेला. महीपतींनी हे चरित्र पुढे सविस्तर लिहिले, पण तुकोबांनी स्वतःही आपल्या आत्मचरित्रपर अभंगात ह्या गोष्टी मोजक्या शब्दांत सांगून ठेवल्या आहेत. त्यांत रडारड नाही. हे असे झाले, लाज वाटली, दुःख झाले, इतकेच.

ह्या ठिकाणी आम्हाला वाचकांना थांबवून एक विचारावेसे वाटते. तुकोबांची बायको देवाने वाचवली का? नाही. मुलगा वाचवला? नाही. वंशपरंपरेने विठ्ठलाची उपासना असलेले हे घर. पिढ्यान् पिढ्या पंढरीची वारी. तरी दुष्काळाने त्यांना सोडले नाही. शरणागती म्हणजे विमा नव्हे, हे येथे स्वच्छ समजून घ्यावे. वारी करतो म्हणून पीक बुडणार नाही, माळ घातली म्हणून दवाखाना मागे लागणार नाही, असे जर कोणी सांगत असेल, तर त्याने तुकोबांचे चरित्र वाचलेले नाही.

मग तुकोबांनी केले काय? दुष्काळाने होरपळलेला हा माणूस पाहतो, तर पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ पडझडीला आलेले. ते आपण नीट करावे असे त्याच्या मनात आले. आपले घर मोडलेले, आणि हा देवाचे घर दुरुस्त करतो आहे! माती कालवावी, भिंत रचावी, हे हातांनी केले. मग त्या देवळात कीर्तन करणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, तेव्हा संतांची वचने पाठ केली. क्रम पाहा. आधी हात कामाला लागले, मग गळा, मग मन. आमच्याकडे दुःखी माणसाला पहिल्याच दिवशी मन स्थिर करायला सांगतात. अहो, ते स्थिर असते तर तो आला कशाला असता? त्याला झाडू द्या हातात. देऊळ झाडू दे, पंगतीत पाणी वाढू दे.

दुसरी गोष्ट खतपत्रांची. घरची जी येणी होती, त्यांचे रोखे महीपतींच्या सांगण्याप्रमाणे तुकोबांनी धाकट्या भावाबरोबर, कान्होबांबरोबर, अर्धे वाटून घेतले आणि आपल्या वाटणीचे इंद्रायणीत बुडविले. कान्होबांचे कान्होबांना दिले, हेही लक्षात ठेवण्यासारखे. परमार्थाच्या भरात दुसऱ्याची भाकर पाण्यात टाकली नाही. ज्याचे स्वतःचे दिवाळे निघाले, त्याने इतरांची कर्जे सोडून दिली. संकट आले की माणूस दोनांपैकी एका वाटेने जातो. एक तर तो कडवट होतो, आपले गेले तर दुसऱ्याचेही जावो म्हणतो. नाही तर दुसऱ्याची भूक त्याला कळू लागते. आपण खरोखर शरण गेलो आहोत की नुसते दमलो आहोत, हे ओळखायचे असेल तर आपल्याला देणे असलेल्या माणसाशी आपण कसे बोलतो, ते पाहावे. दिवाळे निघाले हे बरेच झाले, असे तुकोबा पुढे देवाला म्हणाले ते ह्या सगळ्यानंतर. पहिल्या दिवशी नव्हे. दुसऱ्याच्या घरी प्रेत पडलेले असताना “देव करतो ते बऱ्यासाठीच” असे सांगायला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ते वाक्य ज्याचे त्यानेच, त्याची वेळ आल्यावर म्हणायचे असते.

पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेव्हा तुकोबा अन्नपाणी सोडून तेरा दिवस शिळेवर पडून राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. वह्या तरल्या. पण नंतर तुकोबांना आनंदाबरोबर खंतही वाटली. लोकांच्या बोलण्यासाठी आपण देवाला कष्टविले, त्याचा अंत पाहिला, हा आपला अपराध झाला, असे त्यांनी गायिले आहे. हट्ट पुरवून घेतल्यावर मुलाने आईचे तोंड पाहावे आणि तिचा शीण दिसावा, तसे हे आहे.

ह्यावरून आणखी एक गैरसमज दूर व्हावा. शरण जाणे म्हणजे मुकाट बसणे, असे कित्येकांना वाटते. आमच्या संप्रदायात तसे कधी नव्हते. नामदेवराय विठ्ठलाशी भांडले, रुसले. जनाबाईने तर त्याला बोल बोल बोलून घेतले. तुकोबांच्या करुणापर अभंगांत विनवणी आहे तशी झाडाझडतीही आहे. चोखोबांनी महाद्वाराबाहेर उभे राहून आपले दुःख देवाला रोखठोक विचारले. परक्याशी कोणी भांडत नाही. ज्याच्याशिवाय दुसरे कोणी नाही, त्याच्याशीच भांडण होते. तेव्हा रात्री झोप येत नसेल तर उठून देव्हाऱ्यापुढे बसावे आणि आपल्या बोलीत, जसे सुचेल तसे, “का रे बाबा असं केलंस?” हे सुद्धा बोलावे. देवाला ते खपते.

चोखोबांचे नाव आले म्हणून सांगतो. शके १२६० साली (१३३८ मध्ये) मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले. देवाने भिंत धरून ठेवली नाही. कान्होपात्रा त्याच मंगळवेढ्याची. बेदरच्या दरबारातून बोलावणे आले तेव्हा ती विठ्ठलाच्या पायांशी गेली आणि तेथेच तिने देह ठेवला. बादशहाचे मन पालटले नाही, की शिपाई आंधळे झाले नाहीत. संत म्हणवणाऱ्यांच्या चरित्रांत असा शेवट असतो, हे आपण कीर्तनात पटकन ओलांडून पुढे जातो. आम्हाला ते बरे वाटत नाही. कारण ऐकणाऱ्यांत एखादी बाई अशी बसलेली असते, की जिचा नवस फळला नाही, जिचे पोर गेले. तिला वाटते, माझीच भक्ती उणी पडली. बाई, चोखोबांची उणी होती का? मंदिराच्या पायथ्याशी, नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिच्यापुढे उभे राहून हे विचारून पाहावे. आणि एक. ‘देवाची इच्छा’ हे शब्द दुसऱ्यावर अन्याय करण्यासाठी कोणी वापरू नयेत. चोखोबांच्या लेकरांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. तेव्हा विरोध करणाऱ्यांतही गळ्यात माळा होत्या.

आणखी एक भेद सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. कर्जाने, नापिकीने, आजाराने गांजलेला माणूस “आता मी थकलो, सगळं सोडलं” असे म्हणू लागला, तर घरच्यांनी ती शरणागती समजून स्वस्थ बसू नये. जीव देवावर टाकणे आणि जीव टाकणे, ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जो शरण गेला, त्याने आपला देह देवाच्या स्वाधीन केला. मग त्या देहाचे वाटेल ते करण्याचा हक्क त्याला उरला कोठे? असा माणूस दिसला तर त्याला एकटे सोडू नये. जवळ बसावे, डॉक्टरकडे न्यावे, सावकाराशी बोलायला दोन माणसे सोबत जावीत. त्याला देव भेटायचा तर तो बहुधा अशा सोबत्याच्या रूपानेच भेटेल. अंगारे-धुपारे करणाऱ्या आणि भूत उतरवणाऱ्या भगताकडे मात्र नेऊ नये. ह्या लबाड्यांविरुद्ध आता महाराष्ट्रात २०१३ सालचा कायदाही आहे, पण संतांनी तो त्यापूर्वी कित्येक शतके सांगून ठेवला होता. नवसाचेही तसेच. “अमुक दे, म्हणजे तमुक देईन” हा बाजार झाला. बाजारात कोणी कोणाला शरण जात नाही.

हे सगळे आमच्या पिढीला एकदा सबंध संप्रदायाने मिळून शिकावे लागले. २०२० साली कोरोनाची साथ आली. मार्चमध्ये पंढरीचे देऊळ दर्शनासाठी बंद झाले. आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत. दशमीला संतांच्या पादुका एस.टी.च्या गाड्यांतून मोजक्या माणसांबरोबर पंढरपुरास नेल्या. दुसऱ्या वर्षीही पायी वारी घडली नाही. ज्यांची वारी तीस-चाळीस वर्षे चुकली नव्हती, अशी म्हातारी माणसे घराच्या ओट्यावर बसून रडली. वारी चुकू नये हा तर आमचा एकुलता एक हट्ट! तोही देवाने काढून घेतला. कोणी म्हणाले, काही झाले तरी जाऊ. पण बहुतेकांनी वाटेवरच्या गावांचा विचार केला, आपल्यामुळे तेथल्या लेकराबाळांना रोग जडेल हे ओळखले आणि घरीच थांबले. अंगणात तुळशीभोवती फेऱ्या घातल्या, टाळ वाजवले, जमेल तितके चालले. त्या दोन वर्षांत वारी झाली नाही, असे म्हणायला आमचे मन घेत नाही.

ज्यांना सध्या काही अडचण आहे, त्यांनी ह्या चातुर्मासात आठव्या स्कंधातील दुसरा, तिसरा आणि चौथा अध्याय वाचावा. संस्कृत येत नसेल तर मराठी अर्थ वाचला तरी चालेल. तिन्ही अध्याय एका बैठकीत संपवू नयेत. पहिल्या दिवशी दुसरा अध्याय वाचून पोथी रुमालात बांधून ठेवावी. गजेंद्र त्या वेळी अजून पाण्यातच असतो. तो पुढे काय म्हणतो हे आपल्याला ठाऊक असले तरी त्या रात्री वाचू नये. त्याच्या जागी आपण काय म्हणू, ते घरात निजानीज झाल्यावर एकदा हळू आवाजात म्हणून पाहावे, आणि मग दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तिसरा अध्याय काढावा.